लालगाल

मुलांचं बोलणं तपासणाऱ्या एलविरा रशिदोव्नानं नववं चित्र उचलून धरलं आणि मी टोपी कपाळावर ओढली. चित्रात भिण्यासारखं काही नव्हतं. एक सफरचंद, देठाला एक पान. त्याआधी दगडाचं चित्र झालं होतं, मेंढीचं झालं होतं, आणि दोन्ही वेळा माझी नात बेरमेत, वय दोन वर्षं पाच महिने, चित्राकडे न बघता माझ्याकडे बघत बसली होती, जणू उत्तर माझ्या टोपीखाली ठेवलंय. "हे काय गं?" बाईंनी आधी रशियनमध्ये विचारलं, मग किर्गिझमध्ये. बाई तातार, दोन्ही भाषा सारख्याच मऊपणानं बोलणाऱ्या. बेरमेतनं एका बुटाचं टोक दुसऱ्या बुटाच्या टोकाला लावलं आणि गुपित सांगावं तशी म्हणाली, "लालगाल." माझी सून मेरिम खुर्चीतल्या खुर्चीत पुढं सरकली. "बघितलंत? हेच म्हणते मी. हा शब्द रशियनमध्ये नाही, किर्गिझमध्ये नाही, चिनीतसुद्धा नसेल. घरी बनवलेला माल आहे हा." बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. मी आजवर शेकडो लोकांना थापा मारल्या, पण आपली थाप अडीच वर्षांच्या पोरीच्या तोंडून बाहेर पडताना ऐकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला एकदम खिडकी उघडावीशी वाटली. ती उघडीच होती.

पन्नासातल्या अकरा चित्रांची नावं तिला आली. मेरिमनं तो आकडा दोनदा उच्चारला, एकदा बाईंसाठी आणि एकदा माझ्यासाठी. कुठल्याशा दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं की पोर दोन भाषांच्या मध्ये अडकलंय, एक बंद करा. कोणती बंद करायची ते तिला विचारावं लागलं नव्हतं. शहराच्या पार पलीकडं उशिरा बोलणाऱ्या मुलांची एक बालवाडी आहे. सोमवारी सकाळी पोर सोडायचं, शुक्रवारी संध्याकाळी आणायचं, मधल्या दिवसांत फक्त रशियन. मेरिमनं तिथं नाव घालून ठेवलं होतं आणि दहा दिवसांत हो की नाही ते कळवायचं होतं. एलविरा बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "एकाच भाषेत मोजलं तर अर्धंच मूल मोजल्यासारखं होतं, मेरिम. मी दोन्ही मिळून मोजते. लालगालसुद्धा माझ्या लेखी शब्दच आहे, ती रोज त्याच वस्तूला तेच म्हणत असेल तर. पण लालगाल मागितलं म्हणून बाजारात कोणी तिला सफरचंद देणार नाही, हेही खरं. घरात तिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं?" "एने," मेरिम म्हणाली. एने म्हणजे तिची सासू, माझी बायको कालिपा. "सकाळी आठपासून मी कामावरून येईपर्यंत एनेच. आणि एने दगड, मेंढी, सफरचंद हे शब्द तोंडात घेत नाही. सासरच्या मेलेल्या म्हाताऱ्यांची नावं आहेत ना त्यांत!" बाईंनी मान हलवली. "माझ्या पणजीचं असंच ऐकलंय," त्या म्हणाल्या, आणि मग वडीलधाऱ्याला मानानं हाक मारावी तशा माझ्याकडं वळल्या, "पण अक्साकाल, कानावर पडल्याशिवाय शब्द तोंडात येत नाहीत. त्याला दुसरी वाट नाही." त्यांनी मला एक जाड गठ्ठा दिला. चारशे शब्दांची यादी, प्रत्येकापुढं तीन रकाने: किर्गिझमध्ये म्हणते, रशियनमध्ये म्हणते, म्हणत नाही. शेवटच्या पानावर, कोण तिच्याशी कुठल्या भाषेत रोज किती तास बोलतं. "जी सगळ्यात जास्त बोलते तिनंच भरायचं. आणि दहा दिवसांनी तिलाच घेऊन या. मला तिच्याशी बोलायचंय."

मेरिम तिथूनच कामावर गेली. जाताना जिन्यात थांबून ती मला म्हणाली, "बाबा, मला वाईट समजू नका. मी सहा वर्षांची असताना नारीनच्या डोंगरातून इथं शहरात आले. वर्गात तोंड उघडलं की मुलं मेंढीसारखं ओरडायची. दोन वर्षं मी गप्प बसले. मला ही गप्प बसलेली नकोय." बेरमेतला घेऊन मी मिनीबसमध्ये बसलो, पण बसवेना. मांडीवर पोर, पोरीच्या मांडीवर गठ्ठा, आणि माझे पाय कुणी खालून चुलीवर ठेवल्यासारखे. दोन थांबे आधीच उतरलो. चालताना तरी विचार मागं पडतील असं वाटलं, तर ते माझ्यापुढं चालायला लागले. कालिपा माझ्या घरात आली त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली. त्या सेहेचाळीस वर्षांत तिनं दगडाला दगड म्हटलं नाही, कारण दगड म्हणजे ताश आणि माझ्या बापाचं नाव ताश्तान. मेंढीला मेंढी म्हटलं नाही, कारण मेंढी म्हणजे कोय आणि माझ्या काकाचं नाव कोयचुमान. दगडाला ती टणक्या म्हणते, मेंढीला लोकरी. आणि सफरचंद म्हणजे आल्मा, म्हणून ते लालगाल. कारण माझा थोरला चुलता आल्माबेक, जो लढाईवर गेला तो परत आला नाही, ज्याची कबर कुठं आहे ते कुणाला ठाऊक नाही. कबर नाहीच. चुलताही नाही. आल्माबेक नावाचा माणूस आमच्या घराण्यात कधी जन्मलाच नाही. तो मी अडुसष्ट सालच्या एका दुपारी, एका ट्रकच्या चाकाशी उभं राहून बनवला.

मी तेव्हा फिरत्या सिनेमाचा माणूस होतो. ट्रकमध्ये यंत्र, पडदा आणि डबे घालून उन्हाळाभर कुरणांमधून हिंडायचं, तंबूंच्या मध्ये पडदा ताणायचा आणि मेंढपाळांना सिनेमा दाखवायचा. पडद्यावरची माणसं रशियन बोलायची, मेंढपाळांना त्यातलं 'चहा' तेवढं कळायचं. म्हणून मी पडद्याशेजारी उभा राहून त्यांचं बोलणं किर्गिझमध्ये सांगायचो. पहिला महिना मी प्रामाणिकपणे सांगितलं. मग एकदा एक नायिका रेल्वेच्या फलाटावर नुसतीच उभी होती, बोलतच नव्हती, आणि प्रेक्षक माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मी म्हटलं, 'ती मनात म्हणतेय की मला शहर नको, मला माझी घोडी परत द्या.' दोनशे माणसं रडली. त्यानंतर खरं सांगायची मला सवयच उरली नाही. सोनकोल तळ्याच्या काठी जी रडली त्यांत कालिपा होती. पुढं दोन उन्हाळे मी त्या तळ्याचा मुक्काम उगाच लांबवत गेलो. तिला न्यायला गेलो तेव्हा तिची मावशी ट्रकशी आली, कमरेवर हात, मागं अकरा बायका. "मुकाश, तुझ्या घरात वडीलधारे किती रे?" म्हटलं, "बाप आणि काका." "दोनच टोप्या?" मावशी मागं वळून बायकांना म्हणाली, "ऐकलं का गं? आमची पोर नऊ काका-चुलत्यांच्या घरातून चाललीय आणि हिनं तिकडं वाकायचं कुणापुढं, तर दोन टोप्यांपुढं! बाकीचा वेळ काय चूल बघून वाकायचं?" बायका हसल्या. कालिपा ओढणीआड होती, हसली की नाही दिसलं नाही. ट्रकमध्ये कुणीतरी तालासहून पाठवलेली सफरचंदांची पेटी होती. "तीन," मी म्हटलं. "थोरला चुलता आल्माबेक. लढाईत बेपत्ता झाला. जिवंत होता तेव्हा पुरात अडकलेला घोडा खांद्यावर घेऊन नदी ओलांडायचा आणि पलीकडं गेल्यावर घोड्यालाच विचारायचा, दमलास का?" मावशीचे हात कमरेवरून खाली आले. लढाईत बेपत्ता झालेला माणूस त्या काळी प्रत्येक घरात होता. त्यावर कुणी शंका घेत नसे.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन तंबूच्या छताच्या भोकातून गालिच्यावर पडलं होतं. कालिपा आत आली, बापापुढं वाकली. काकापुढं वाकली, काका ठार बहिरा, त्यानं नुसती दाढी हलवली. मग ती थोडी उजवीकडं वळली आणि जिथं कोणीच बसलं नव्हतं त्या जागेपुढं, रिकाम्या गादीपुढं, तिसऱ्यांदा वाकली. बापानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या हातातला वाडगा तोंडापर्यंत आलेला, तिथंच राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा तोंड उघडणार आणि माझी बायको उद्या मावशीकडं परत. बापानं चहावर फुंकर घातली, एक घोट घेतला आणि कालिपाला म्हणाला, "डावखुरा होता." बस, एवढंच. पुढं तेरा वर्षं बाप जगला, आम्ही दोघं एका छपराखाली राहिलो, हजारो वाडगे चहा प्यालो, पण मी त्याला विचारलं नाही की हे डावखुरेपण तू कुठून आणलंस. आधी हसू यायचं म्हणून विचारलं नाही. नंतर भीती वाटायला लागली म्हणून. समजा तो म्हणाला असता, 'खरंच होता'? समजा मी मावशीला गप्प बसवण्यासाठी टाकलेलं नाव कुठल्यातरी खऱ्या माणसाच्या अंगावर जाऊन पडलं असेल, ज्याचं नाव बापानं स्वतः कधी घेतलं नव्हतं? बाप गेला आणि ते दार बाहेरून बंद झालं. मी मात्र अजून कधीकधी भाजी आणायला निघालो की मध्येच थांबतो आणि आपण काय आणायला निघालो होतो ते विसरतो.

यादी भरायला आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. मी वाचायचो, कालिपा सांगायची, बेरमेत टेबलाखाली झाकणं वाजवत बसायची. कालिपा अशा कामात फार कडक. "म्हणते असं लिहू नका, अजून नीट म्हणत नाही," ती म्हणायची. "नातीच्या बाबतीत तरी थापा मारू नका." पानं उलटत गेली तसं माझं अंग आकसत गेलं. कारण ती काही पोरीची यादी नव्हती, आमची सगळ्यांची होती. मेरिमकडून तिला रशियनमधले शब्द मिळाले होते ते असे: चल, लवकर, बूट, नंतर, हात धू, झोप. सगळे शब्द दारात उभं राहून बोललेले. मेरिम मोबाइलच्या दुकानात दहा तास उभी असते, घरी येते तेव्हा तिच्याजवळ तेवढेच उरतात. माझा मुलगा मक्सात रशियात बांधकामावर असतो, रोज फोनच्या पडद्यावर दिसतो. त्याच्याकडून तिला मिळाले होते हॅलो, दिसतोय का, गेला. 'बाबा' शब्दापुढं खूण करताना कालिपा थबकली, कारण बेरमेत 'बाबा' फोनला म्हणते. माझ्याकडून? वाघ, राक्षस, तलवार, मेला, परत जिवंत झाला. "परत जिवंत झाला हे यादीत नाही," मी म्हटलं. "खाली लिहा," कालिपा म्हणाली, "एवढं मोठं बोलते ते कुठंतरी दिसू दे." आणि बाकी सगळं, ऊब, दूध, पीठ, पाणी, दुखतंय का, ये, बस, खा, पोट, बोट, केस, सगळं तिचं. शेकडो शब्द. आणि मध्येमध्ये भोकं. दगडापाशी आलो की ती नुसती बोटानं रकाना दाखवायची: म्हणत नाही. मेंढी: म्हणत नाही. सफरचंदापाशी आलो. ती म्हणाली, "हेही नाही," आणि क्षणभर डोळे मिटले, जसं ती कुठल्याही गेलेल्या माणसाचा विषय निघाला की मिटते. मला वाटलं, आता सांगावं. मी म्हटलं, "चहा आहे का?" वाडगा पुढ्यातच होता.

मग मला एक युक्ती सुचली. आयुष्यभर मला युक्त्याच सुचल्या, त्यातली ही सगळ्यात वाईट. कालिपा शेजारणीकडं गेलेली असताना मी बेरमेतला खिडकीपाशी मांडीवर घेतलं, एक सफरचंद तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आल्मा. म्हण, आल्मा." मी म्हणतो तेव्हा तिच्या कानावर पडेल, तिच्या तोंडात येईल, बाईंचा रकाना भरेल आणि सेहेचाळीस वर्षांचं जे आहे ते तसंच झाकलेलं राहील, असा माझा हिशेब. बेरमेतनं सफरचंद दोन्ही हातांनी धरलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि मग तिनं आपलं छोटं, चिकट बोट माझ्या ओठांवर ठेवलं. "एने नाही," ती हळूच म्हणाली. म्हणजे एने असं म्हणत नाही. किंवा एनेला आवडत नाही. किंवा एनेसमोर नाही. तिच्याजवळ एवढेच शब्द होते, पण डोळ्यांत सगळं होतं. मी आणि बाई आणि मेरिम, आम्ही तिघं समजत होतो की हिला शब्द येत नाही. हिला तो येत होता. मेरिमकडून रशियनमधला, बाजारातून आमच्या भाषेतला, दोन्ही येत होते, कुणास ठाऊक कधीपासून. पण ज्या आजीकडून ती बोलणं शिकली तिच्याकडूनच गप्प राहणंही शिकली होती. शब्द मोजायला रकाने होते, ह्याला कुठला रकाना? बालवाडीतल्या सोमवार ते शुक्रवारात हे बोट कुणाच्या ओठांवर ठेवलं जाणार होतं? दोन वर्षं पाच महिन्यांचं पोर, आणि ते माझ्या आल्माबेकपुढं वाकत होतं, त्याच रिकाम्या गादीपुढं. मी तिच्या हातातलं सफरचंद घेतलं, मग परत दिलं, मग परत घेतलं. शेवटी तिनं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि खाल्लं.

गुरुवारी कालिपा गेलेल्या माणसांसाठी तेलात सात रोट्या तळते. वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. तळून झाल्या की मी दुआ म्हणायची आणि नावं घ्यायची, कारण तिला ती घेता येत नाहीत: ताश्तान, कोयचुमान, आल्माबेक. आल्माबेकचे तर सेहेचाळीस वर्षांचे गुरुवार. त्या गुरुवारी पाचवी रोटी कढईत असताना मी दारात उभा राहून म्हटलं, "बैबिचे, आल्माबेक नव्हता." बैबिचे मी तिला फार क्वचित म्हणतो, घरची मालकीण म्हणून, अगदी काही मागायचं असलं तरच. "कुठं नव्हता?" ती म्हणाली. "कुठंच नव्हता. तुझ्या मावशीनं टोप्या मोजल्या तेव्हा मी बनवला. ट्रकमध्ये पेटी होती." तिनं रोटी उलटली. ती एका बाजूनं जरा जास्त लाल झाली होती. "घोडा?" तिनं विचारलं. "मीच." "घोड्याला दमलास का विचारलं ते?" "तेही मीच." "डावखुरा?" "ते बापानं घातलं. का घातलं ते मला माहीत नाही." "मक्सात तापानं फणफणला होता त्या वर्षी," ती म्हणाली, "मी तिसऱ्या दिवशी बसल्याबसल्या डोळा मिटला, तर एक माणूस आला आणि त्यानं डावा हात पोराच्या कपाळावर ठेवला. दुपारपर्यंत ताप उतरला. तो कोण होता?" मी म्हटलं, "तो... तो तुझा." तिनं सहावी रोटी सोडली. सातवी सोडली. मी वाट बघत होतो की ती रडेल, किंवा झारा फेकेल, किंवा मावशीच्या आवाजात मला धुऊन काढेल. एवढी शिक्षा मला पुरली असती. तिनं गॅस बंद केला, हात पुसले, आणि नेहमीसारखी तोंड पश्चिमेला करून बसली. "म्हणा," ती म्हणाली. मी दुआ म्हटली. ताश्तान म्हटलं. कोयचुमान म्हटलं. थांबलो. "म्हणा," ती म्हणाली, मान न उचलता. मी म्हटलं.

त्यानंतर पाच दिवस ती माझ्याशी फक्त भाज्यांविषयी बोलली. मी घरातून बाहेर, बाहेरून घरात. इमारतीला तीन फेऱ्या, बाकावर बसायचं, उठायचं, बाकावरचे म्हातारे विचारायचे, "मुकाश, आज एखादी थाप नाही का?" आणि मी म्हणायचो, "दात दुखतोय." मेरिमनं एका पिशवीत बेरमेतचे कपडे नीट घड्या घालून ठेवायला सुरुवात केली होती, पाच दिवसांचे पाच जोड, पिशवी दाराशी असायची आणि मी रोज तिला पायानं थोडी आत सरकवायचो, ती रोज परत दाराशी यायची.

दहाव्या दिवशी आम्ही चौघं गेलो. कालिपानं लग्नाकार्याची पांढरी ओढणी बांधली होती. एलविरा बाईंनी यादी वाचली, शेवटच्या पानावरचे तास वाचले, कालिपाकडं पाहिलं आणि काही न बोलता चित्रांचा गठ्ठा काढला. दूध आलं. पोट आलं. मांजर आलं, दोन्ही भाषांत, मिशांसकट. मग बाईंनी दगडाचं चित्र धरलं. बेरमेतनं आजीकडं पाहिलं आणि ओठ मिटले. मेरिमनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. कालिपाचे हात मांडीवर होते, एकावर एक. वरचा हात खालच्याला दाबत होता. "ताश," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, कुणीतरी दुसऱ्याच खोलीत वस्तू पाडल्यासारखा होता. माझा बाप, त्याची फुंकर, त्याचा वाडगा, सगळं त्या एका शब्दाबरोबर खोलीत येऊन उभं राहिलं, आणि कुणी रागावलं नाही. "ताश, बेरमेत," ती परत म्हणाली, जरा मोठ्यानं, "हा ताश. टणक्या तो ताशच." बेरमेतचं तोंड उघडंच राहिलं. मग ती हसली, कपाट उघडावं आणि आत मिठाई निघावी तशी. "ताश! ताश! ताश!" मेंढीच्या चित्राला कालिपानं वाटही बघितली नाही. "कोय," ती म्हणाली, गालावरून पाणी गळत होतं, पण ती चिडलेली वाटत होती, पाणी पुसत नव्हती, "कोय, बाळा, म्हण." मेरिम खिडकीकडून वळली होती. तिनं आपल्या सासूचा हात धरला. मी त्यांना एकमेकींचा हात धरताना मेरिमच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

सफरचंदाचं चित्र आलं. बेरमेत आता तयारच होती, डोळे आजीच्या ओठांवर. कालिपा गप्प. बाईंनी चित्र जरा पुढं केलं. गप्प. माझ्या मनात आलं, ही मला वाचवतेय, ही चारचौघांत माझी थाप उघडी पडू नये म्हणून थांबलीय, आणि मी घाईघाईनं म्हटलं, "अगं म्हण की. त्याचं तर काहीच नाही. तुला सांगितलंय ना मी." "तुमच्या लेखी काही नसेल," कालिपा म्हणाली. मग बाईंकडं वळली आणि अगदी साधेपणानं, भाजीवालीशी बोलावं तशी, बोलली. "बाई, सासऱ्यांना मी हातानं भरवलंय. ते मला रागावणार नाहीत. काकांनाही कबर आहे, नातवंडं आहेत, दुआ करायला माणसं आहेत. ह्या एकाला माझ्याशिवाय कुणी नाही. तेवढा एक माझ्यापाशी राहू द्या. पोरीला तो शब्द तिच्या आईकडून मिळेल." बाईंना ह्यातलं अर्धंच कळलं असणार. मेरिम खाली वाकून बेरमेतच्या कानाशी काहीतरी बोलली. बेरमेतनं आधी आजीकडं पाहिलं, आजीनं मान हलवली, आणि मग तिनं आईच्या भाषेतला शब्द मोठ्यानं म्हटला, "याब्लका!" आणि लगेच, आजीची बाजू पडू नये म्हणून, हळूच, "लालगाल." बाईंनी दोन्ही रकान्यांत खूण केली. मोजणी झाली तेव्हा त्यांनी कागद मेरिमपुढं सरकवला. "हे मूल मुकं नाही, मेरिम. ह्याला दोन घरं आहेत, आणि दोन्हींत ते बोलतं. फक्त तू संध्याकाळी 'लवकर' सोडून आणखी काहीतरी बोलत जा." मेरिमनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग तिनं फोन काढला, जिन्याकडं गेली, आणि आम्हाला ऐकू आलं की ती कुणाला तरी सांगतेय, जागा दुसऱ्याला द्या.

परत येताना मेरिम कामावर गेली आणि आम्ही तिघं चालत निघालो, पॉपलरच्या ओळीखालून, मध्ये बेरमेत, तिचा एक हात माझ्या हातात, दुसरा आजीच्या. वाटेतल्या प्रत्येक दगडाला ती नाव घेऊन हाक मारत होती, आणि प्रत्येक वेळी कालिपा दचकत होती आणि मग दचकणं सोडून देत होती. बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, ती म्हणाली, "चेहरा कसा होता त्यांचा? घोडा सांगितलात, नदी सांगितलीत, चेहरा कधी सांगितला नाहीत." सेहेचाळीस वर्षं माझ्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं. दोनशे मेंढपाळांना मी एका क्षणात घोडीसाठी रडवलं होतं. आता मी तोंड उघडलं आणि तिथं काहीही नव्हतं, ना डोळे, ना नाक, ना दाढी. एक रिकामी गादी आणि त्यावर पडलेलं ऊन. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं." कालिपा थांबली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं सोनकोलच्या काठी पडद्याशेजारच्या त्या टवाळ पोराला पाहिलं असेल. मग ती बेरमेतकडं वाकली. "ऐक," ती तिला म्हणाली, "त्यांचा पुढचा एक दात किंचित तुटलेला होता. हसताना ते हात तोंडावर धरायचे. डावा. लहानपणी नदीत पडले होते ना, तेव्हा…" बेरमेतनं माझा हात सोडला आणि दोन्ही हातांनी आजीचा धरला. त्या दोघी पुढं चालायला लागल्या. गाड्यांच्या आवाजात पुढचं नीट ऐकू येईना, म्हणून मी पावलं उचलली.